आमची वाटचाल : घडीसकट चित्रं

जुन्या कलामासिकांतली शिळाछाप चित्रं, म्हणजे दगडावर रेखाटून छापलेली लिथोग्राफं, विकणं, हा आम्हा नवराबायकोचा पॅरिसमधला धंदा. ही जे.जे.त मुद्राचित्रण शिकलेली, त्यामुळे नजर तिची आणि हिशेब माझे.

सुरुवात झाली जॉर्ज ब्रासाँस बागेत शनिवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात. तिथं ‘देरिएर ल मिरुआर’ या फ्रेंच कलामासिकाचे अंक दिसले आणि ही हलेना. ते काढणारा एमे माग मूळचा शिळाछापाचा कारागीर. पुढे त्यानं पॅरिसात गॅलरी काढली आणि 1946 पासून तिथल्या प्रदर्शनांसोबत हे अंक छापले. 1982 पर्यंत 253 क्रमांक झाले. मिरो, ब्राक, शागाल, कॉल्डर यांची अस्सल लिथोग्राफं, तीही मासिकाच्या पानांत! मोठं चित्र दोन पानांवर पसरलेलं, म्हणून मधोमध घडी.

या घडीवरूनच निम्मी गिऱ्हाइकं परत जायची. “इस्त्री करून द्या,” असंही एकानं सांगितलं. आम्ही घडी सपाट करत नाही. चित्र कुठून आलं ते तीच सांगते. शंका असेल त्याच्या हातात भिंग देतो. फोटोवरून छापलेल्या ऑफसेटच्या नकलेत ठिपक्यांची आखीव जाळी दिसते, लिथोग्राफात खडूचा वेडावाकडा रवा. एकदा बघितलं की माणूस पुढच्या वेळी स्वतःचं भिंग घेऊन येतो.

सहीचा प्रश्न जास्त नाजूक. साध्या अंकातल्या चित्रांवर सही नसते. काही अंकांच्या 150 प्रतींच्या खास आवृत्त्या निघाल्या, त्यांची गोष्ट वेगळी. एका व्यापाऱ्यानं साध्या पानावर पेन्सिलीनं ‘मिरो’ लिहून आणलं होतं, भावही तसाच. त्याच्याकडचा माल तेव्हापासून बंद.

अंक फोडून सुटी पानं विकली की पैसा जास्त, हे खरं. पण पूर्ण अंक आमच्याकडे फुटत नाही. आधीच फुटलेली पानं तेवढी सुटी विकतो, आणि पावतीवर ‘मासिकातील, सही नसलेलं’ असं लिहून देतो. गिऱ्हाईक थोडं हिरमुसतं, पण फसत नाही.

भारतातून येणारे बहुतेक शागालच मागतात. ताल-कोआ, बाझेन या चित्रकारांना कुणी विचारत नाही. आम्ही मात्र ते गठ्ठ्यानं उचलतो. स्वस्त आहेत तोवर भरून ठेवायचे, असं हिचं धोरण. जागेचं भाडं भरणाऱ्यानं यावर बोलू नये, असंही तिचंच म्हणणं.