एक संगणक, चार माणसं: सगळ्यांसाठी सॉफ्टवेअर बसवण्याच्या कामाची नोंद

खात्यांची मांडणी पूर्ण झाली. संगणकावर विंडोज ११ आहे. एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं फक्त बसवाबसवी आणि दुरुस्तीसाठी ठेवलं आहे. त्यातून कुणी मेल बघत नाही की फाइल ठेवत नाही. आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी अशी चार स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित हक्कांची, खाती. शिवाय ‘चाचणी’ नावाचं आणखी एक स्टँडर्ड खातं, ज्यात काहीच नाही. ते रिकामं असणं हाच त्याचा उपयोग. कुठलंही सॉफ्टवेअर बसवलं की ते ‘चाचणी’तून उघडून बघते. अ‍ॅडमिन खात्यातून प्रोग्रॅम चालला यावरून बाकीच्यांचं काहीच कळत नाही.

या सगळ्या कामामागे माझी धारणा एकच आहे. सॉफ्टवेअर बसवणं हे एक काम नाही, तीन कामं आहेत. प्रोग्रॅमच्या फाइली संगणकाच्या, सेटिंग्ज त्या त्या माणसाच्या, आणि काही डेटा सगळ्यांच्या सामाईक मालकीचा. ज्याचं त्याच्या जागी ठेवलं की निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

आधी झडती

नवं काही बसवण्याआधी जुनं काय कुठे आहे ते शोधलं. सेटिंग्जमधली अ‍ॅप्सची यादी इथे अपुरी पडते. त्यात सगळ्यांसाठी बसवलेले आणि फक्त चालू खात्यासाठी बसवलेले प्रोग्रॅम एकत्र दिसतात, आणि कुठला कोणता ते लिहिलेलं नसतं. दुसऱ्याच्या खात्यातले तर दिसतच नाहीत. त्यामुळे प्रत्येकाला साइन इन करायला लावून यादी घेतली.

खात्रीचा मार्ग रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतून, जातो. ‘अनइन्स्टॉल’ नावाची की, म्हणजे नोंदींचा कप्पा, तीन ठिकाणी बघायची: एचकेएलएमखाली (हा सबंध संगणकाच्या नोंदींचा भाग), एचकेएलएममधल्याच वाव६४३२नोडखाली (तिथे ३२ बिटांचे प्रोग्रॅम नोंदलेले असतात) आणि एचकेसीयूखाली (हा चालू खात्याच्या नोंदींचा भाग). पहिल्या दोन जागी सापडलं तर प्रोग्रॅम संगणकाचा, तिसऱ्या जागी सापडलं तर त्या खात्याचा. घाईत असाल तर शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट बघा. प्रोग्रॅम फाइल्स दिसलं तर बहुतेक सगळ्यांसाठी, अ‍ॅपडेटाच्या लोकल फोल्डरमधलं काही दिसलं तर एकट्याचं, कारण ते फोल्डर प्रत्येक खात्याचं स्वतःचं असतं.

झडतीत एकाच ब्राउझरच्या दोन प्रती निघाल्या, एक प्रोग्रॅम फाइल्समध्ये आणि एक भावाच्या अ‍ॅपडेटामध्ये. अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाताशी नसेल तर काही इन्स्टॉलर परवानगीशिवाय एकट्याच्या खात्यात बसायची तयारी दाखवतात. एकट्याच्या संगणकावर ती सोय आहे. सामाईक संगणकावर मात्र प्रत्येक प्रतीचे अपडेट वेगळे होतात, आणि जो माणूस महिनोन्‌महिने साइन इन करत नाही त्याची प्रत जुनी, सुरक्षेच्या दृष्टीने कच्ची राहते. त्यामुळे अशा प्रती काढून टाकायच्या, आणि त्या ज्याच्या त्याच्या खात्यातूनच काढायच्या.

हे काढणं नवी प्रत बसवण्याआधी व्हायला हवं. विंडोज इन्स्टॉलर, म्हणजे एमएसआय, जुनी आवृत्ती शोधताना स्वतःच्याच कक्षेत शोधतो. सगळ्यांसाठीची नवी आवृत्ती एकट्यासाठीच्या जुन्या आवृत्तीला ओळखत नाही आणि दोघी शेजारी शेजारी नांदतात.

पासवर्ड कुणाचा, घर कुणाचं

याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बहुखाती संगणकावरचे बरेच गोंधळ इथूनच सुरू होतात.

समजा आई तिच्या खात्यात आहे आणि तिने एक इन्स्टॉलर उघडला. यूएसीची, म्हणजे बदलाआधी परवानगी मागणारी, खिडकी येते, मी तिथेच अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकते आणि काम पुढे सरकतं. दिसायला सगळं आईच्या पडद्यावर चाललं आहे. प्रत्यक्षात त्या क्षणापासून इन्स्टॉलर अ‍ॅडमिन खात्याच्या नावाने धावतो आहे. त्याच्या लेखी एचकेसीयू म्हणजे अ‍ॅडमिनची रजिस्ट्री, अ‍ॅपडेटा म्हणजे अ‍ॅडमिनचा फोल्डर. अशा वेळी ‘फक्त माझ्यासाठी’ हा पर्याय निवडला तर प्रोग्रॅम आईच्या खात्यात येतच नाही, अ‍ॅडमिनच्या खात्यात जाऊन बसतो.

शेवटच्या पानावरचा ‘आता सुरू करा’ हा चौकोनही त्याचमुळे रिकामा करायचा. काही इन्स्टॉलर प्रोग्रॅमला मूळ माणसाच्या नावाने सुरू करतात, पण सगळे तेवढी काळजी घेत नाहीत. पहिल्यांदा उघडतानाच्या सेटिंग्ज अ‍ॅडमिनच्या घरात तयार होऊन काय उपयोग?

पुढचा प्रश्न असा: सगळ्यांसाठी बसवताना इन्स्टॉलर प्रत्येकाच्या सेटिंग्ज का लिहून ठेवत नाही? कारण त्याला तिथे सहज पोचता येत नाही. प्रत्येक खात्याची रजिस्ट्री एनटीयूझर डॉट डॅट या फाइलीत, त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असते. ही ज्याची त्याची खासगी वही आहे, आणि मालक साइन इन करतो तेव्हा ती उघडली जाते. बसवताना बाकीच्यांच्या वह्या मिटलेल्या असतात. म्हणून चांगला प्रोग्रॅम एचकेएलएममध्ये फक्त संगणकापुरतं लिहितो आणि माणसापुरतं जे आहे ते, तो माणूस पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडेल तेव्हा तयार करतो.

जे प्रोग्रॅम तसं करत नाहीत त्यांच्यासाठी विंडोजमध्ये अ‍ॅक्टिव्ह सेटअप नावाची जुनी यंत्रणा आहे. एचकेएलएममध्ये एक नोंद आणि तिच्यात स्टबपाथ नावाची आज्ञा. साइन इन होताना विंडोज त्या माणसाच्या एचकेसीयूमधली नोंद ताडून बघतं. ती नसेल किंवा तिची आवृत्ती जुनी असेल, तर आज्ञा त्या खात्यासाठी एकदा चालते. एका शब्दकोश-प्रोग्रॅमची सुरुवातीची सेटिंग फाइल प्रत्येकाच्या खात्यात पोचवायला ही यंत्रणा वापरली आणि ‘चाचणी’त ती पहिल्या साइन इनलाच आली.

बसवतानाचे पर्याय

आता प्रत्येक सॉफ्टवेअर अ‍ॅडमिन खात्यात साइन इन करून, बाकी सगळ्यांना साइन आऊट करूनच बसवते. फास्ट यूझर स्विचिंगमध्ये, म्हणजे साइन आऊट न करता खातं बदलताना, मागे कुणाचा प्रोग्रॅम उघडा राहिला तर त्याच्या फाइली अडकून असतात आणि अपडेट अर्धवट राहू शकतो.

एमएसआय असेल तर आज्ञेत ऑलयूझर्स ही प्रॉपर्टी १ द्यायची, नाव सगळं इंग्रजी मोठ्या लिपीत (कॅपिटलमध्ये). बाहेरून देता येणाऱ्या प्रॉपर्टींची नावं एमएसआयमध्ये पूर्ण मोठ्या लिपीतच असतात. इनो सेटअप या साधनाने बनवलेल्या इन्स्टॉलरांत, बनवणाऱ्याने मुभा ठेवली असेल तर, तिरप्या रेघेनंतर ऑलयूझर्स लिहून तेच साधतं. विंगेटने, म्हणजे आज्ञा देऊन सॉफ्टवेअर बसवायच्या विंडोजच्या साधनाने, बसवत असाल तर स्कोप मशीन असा द्या. त्या सॉफ्टवेअरचा सगळ्यांसाठीचा इन्स्टॉलर नसेल तर विंगेट तसं सांगून थांबतं. हे थांबणं मला फार आवडतं. न विचारता एकट्याच्या खात्यात बसवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रॅमचे यूझर आणि सिस्टिम असे दोन वेगळे इन्स्टॉलर मिळतात. इथे मात्र मी सगळ्यांसाठीचा हट्ट धरला नाही. ते वापरणारी मी एकटीच, आणि यूझर आवृत्ती परवानगी न मागता अपडेट होते. सिस्टिम आवृत्तीला दर वेळी अ‍ॅडमिन लागतो.

पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) भाऊ आणि मी दोघं वापरतो, म्हणून ते सानुकूल पर्यायातून सगळ्यांसाठी बसवलं. त्याचं सामाईक फोल्डर स्टँडर्ड खात्याला लिहायला बंद असतं, त्यामुळे पिपने (पायथनची जोडसाधनं बसवणाऱ्या आज्ञेने) काही बसवलं तर ते आपोआप त्या त्या माणसाच्या अ‍ॅपडेटामध्ये जातं. भावाचे प्रयोग भावापाशी, माझे माझ्यापाशी. पाथबद्दल, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम ज्या फोल्डरांत शोधतं त्यांच्या यादीबद्दल, एक लक्षात असू द्या: विंडोज आधी सिस्टिमचा पाथ घेतं आणि त्याच्या मागे माणसाचा जोडतं. एकाच नावाचं साधन दोन्हीकडे असेल तर सिस्टिमचं पुढे येतं.

जुना ग्रंथसूची-प्रोग्रॅम

सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि सगळ्यात जास्त समाधानही यातच मिळालं. घरातल्या पुस्तकांची यादी एका जुन्या ३२ बिटांच्या प्रोग्रॅममध्ये आहे. बाबांनी केलेल्या नोंदी आईला दिसत नव्हत्या, आईच्या मला नाहीत. प्रत्येकाला मात्र आपली यादी नीट साठवलेली दिसायची.

कारण व्हर्च्युअलस्टोअर. हा प्रोग्रॅम ज्या काळात लिहिला गेला तेव्हा बहुतेक घरी सगळेच अ‍ॅडमिन म्हणून वावरत, त्यामुळे तो डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहितो. व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये यूएसी घरोघरी आलं आणि सामान्य खात्याला आधीपासून बंद असलेलं तिथलं लिखाण अ‍ॅडमिन खात्यालाही परवानगीशिवाय बंद झालं. जुने प्रोग्रॅम एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोजने सोय केली: मॅनिफेस्ट (कुठले हक्क हवेत ते सांगणारी नोंद) नसलेला ३२ बिटांचा प्रोग्रॅम तिथे लिहू लागला, की ते लिखाण गुपचूप त्या माणसाच्या अ‍ॅपडेटातल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये वळवायचं. प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही आणि माणसालाही लागत नाही. आमच्या एका यादीच्या चार याद्या झाल्या होत्या.

प्रोग्रॅममध्ये डेटाची जागा बदलायचा पर्याय होता, हे नशीब. प्रोग्रॅमडेटामध्ये, म्हणजे प्रोग्रॅमांच्या सामाईक डेटाच्या फोल्डरमध्ये, नवं फोल्डर केलं, चारही याद्या निर्यात करून एकत्र केल्या, दुबार नोंदी काढल्या आणि फाइल तिथे ठेवली. पण एवढ्याने भागत नाही. प्रोग्रॅमडेटामध्ये कुणीही नवी फाइल करू शकतं, ती इतरांना वाचताही येते. बदलता मात्र येत नाही. म्हणून त्या एकाच फोल्डरवर आयकॅक्ल्स या हक्क ठरवणाऱ्या आज्ञेने यूझर्स गटाला मॉडिफाय (बदलण्याचा) हक्क दिला, आतल्या फाइलींना आणि फोल्डरांना तो आपोआप लागू होईल अशा रीतीने. गटाचं नाव लिहिण्याऐवजी त्याचा एसआयडी (ठरावीक ओळखक्रमांक), एस-१-५-३२-५४५, पुढे तारांकन लावून दिला. विंडोजची भाषा कुठलीही असली तरी तो बदलत नाही.

सबंध प्रोग्रॅमडेटाला किंवा प्रोग्रॅम फाइल्सला हक्क वाटू नका, असं आवर्जून सांगेन. प्रोग्रॅमची फाइल कुणालाही बदलता येऊ लागली तर एका खात्यात शिरलेला घातक प्रोग्रॅम ती बदलून सगळ्यांच्या खात्यात शिरू शकतो.

जुन्या व्हर्च्युअलस्टोअर प्रतींची नावं बदलून ठेवली आहेत, म्हणजे प्रोग्रॅम चुकून तिकडे वळणार नाही. यादी आता चौघांना एकच दिसते. फक्त दोघांनी एकाच वेळी उघडायची नाही. स्विच केलेल्या खात्यात ती उघडी राहिली तर फाइल अडकते.

बारीकसारीक

सामाईक शॉर्टकट यूझर्समधल्या पब्लिकच्या डेस्कटॉपवर ठेवले. ते फोल्डर लपवलेलं असतं. तिथला शॉर्टकट स्टँडर्ड खात्यातून पुसायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते, त्यामुळे ते जागेवर राहतात.

फॉन्ट: विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून नुसतं ‘इन्स्टॉल’ केलं तर फॉन्ट एकट्याच्या खात्यात बसतो. उजवी टिचकी देऊन ‘सगळ्या यूझर्ससाठी’ हा पर्याय घ्यायचा. सगळे फॉन्ट तसे पुन्हा बसवले.

स्टोअरच्या अ‍ॅप्सचा हिशोब वेगळा. त्यांच्या फाइली विंडोजअ‍ॅप्स फोल्डरमध्ये एकदाच येतात, पण नोंदणी माणसागणिक होते. नव्या खात्यालाही ते अ‍ॅप हवं असेल तर डिझम या आज्ञेने प्रोव्हिजन करावं, म्हणजे संगणकावर आधीच नोंदवून ठेवावं, लागतं.

राहिलेलं

डिफॉल्ट प्रोफाइल, म्हणजे नवी खाती ज्यावरून तयार होतात तो साचा, अजून हाताळलेलं नाही. तिथली एनटीयूझर फाइल रेग लोड या आज्ञेने रजिस्ट्रीला जोडून फाइलींची एक्स्टेन्शन दिसण्याची आणि एक्सप्लोररची सेटिंग बदलायची आहे. त्याचा परिणाम यापुढे तयार होणाऱ्या खात्यांवरच होईल, आधीच्या चौघांवर नाही. म्हणून ते झालं की ‘चाचणी’ खातं प्रोफाइलसकट पुसून नव्याने करणार. त्याशिवाय स्कॅनरचं सॉफ्टवेअर उरलं आहे: ते स्कॅन केलेली पानं कुणाच्या डॉक्युमेंट्समध्ये टाकतं ते चारही खात्यांतून तपासायचं आहे.