पत्त्यावर डॅलस, कोर्ट मात्र कॉलिन काउंटीचं

भाड्याचं घर सोडलं आणि घरमालक कंपनीने डिपॉझिट अडवून धरलं. टेक्सासात ते ३० दिवसांत परत करावं लागतं; नाही केलं तर जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, वकिलाशिवायही दावा लावता येतो. माझ्या पत्त्यात 'डॅलस' होतं, म्हणून डॅलस काउंटीत दावा टाकला; काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. कंपनीने लगेच अर्ज दिला, हे कोर्टच चुकीचं. तसंच निघालं. डॅलस शहर ५ काउंट्यांत पसरलंय आणि माझं घर कॉलिन काउंटीत येत होतं. पोस्टाच्या पत्त्यात काउंटी लिहीतच नाहीत. दावा तिकडे वर्ग झाला, फी पुन्हा भरावी लागली.

मंगरूळपीर तहसिलीतल्या आमच्या गावी बाबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "पत्ता त्यायचाच, कोर्ट बी त्यायचंच, मंग चूक तुही कशी?"

आपल्या सातबाऱ्यासारखी इथे प्रत्येक मिळकतीची नोंद काउंटीच्या कर-आकारणी कार्यालयात असते, ऑनलाइन दिसते. दावा लावण्याआधी मी ती पाहायला हवी होती.

डिपॉझिटचं एकवेळ चालून जातं. संसाराचं तसं नाही. टेक्सासात घटस्फोटाच्या अर्जासाठी नवरा-बायकोपैकी एकाने ६ महिने राज्यात आणि ९० दिवस त्या काउंटीत राहिलेलं असावं लागतं. बायको गावी असेल, तर समन्स हेग करारानुसार, म्हणजे कोर्टाचे कागद परदेशात पोचवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, दिल्लीला विधी व न्याय मंत्रालयाकडे जातं, तिथून जिल्हा न्यायालयात, मग बेलिफ ते घेऊन गावात येतो. परदेशातून परस्पर पोस्टाने पाठवलेलं समन्स भारत मान्य करत नाही.

आता या वाटेवर आमच्या गावचा पत्ता ठेवून पाहा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, पण आमच्याकडच्या कितीतरी जुन्या कागदांवर अजून 'जि. अकोला'च आहे. त्यावरून पत्ता उतरवला, तर समन्स भलत्याच जिल्ह्यात जाऊन पडायचं. तोवर गावातल्या पोरीला खबरही नाही की आपल्यावर परदेशात केस चालू आहे. याचा विचार आला की मला झोप लागत नाही.

म्हणून पोरगी परदेशी दिलेल्या आईबापांना माझं हात जोडून सांगणं आहे, जावयाचा पत्ता काउंटीसकट लिहून घ्या. काउंटी ठाऊक असली की तिथल्या डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, म्हणजे कोर्टाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, नावावरून केस शोधता येते.

बाबांनी माझा नवा पत्ता वहीत उतरवून घेतला. घर नंबर, रस्ता, डॅलस, आणि खाली ठळक अक्षरात: तह. कॉलिन.