आधी पाणी, मग मीटिंग

आधी काम, मग मजा हे आपल्यात इतकं मुरलेलं असतं, की ऑफिसच्या खर्चाने गोव्याला गेलेला माणूस समुद्राकडे बघतो ते शेवटच्या दिवशी, बिलं गोळा करून झाल्यावर. पोहायचं किंवा मासे खायचे असतील तर हा क्रम ठीक. स्कूबा डायव्हिंगला तो चालत नाही. तिथे मधे नायट्रोजन नावाचा साहेब बसलेला असतो आणि त्याच्या सहीशिवाय परतीचं विमान पकडता येत नाही.

सिलिंडरमध्ये साधी हवा असते (ऑक्सिजन नव्हे, हे दरवेळी कुणाला तरी सांगावं लागतं). १८ मीटर खाली दाब वरच्यापेक्षा २.८ पट असतो आणि त्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात, चरबीत विरघळत जातो. वर आल्यावर तो सावकाश निघतो, घाई केलेली त्याला आवडत नाही. म्हणून वर यायचं तेही मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबून. विमानाच्या केबिनमधला दाब मात्र २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका उतरू शकतो. सोड्याच्या बाटलीचं बूच अचानक सैल केल्यासारखं होतं. बुडबुडे धरतात, सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात. त्यापेक्षा वाईटही होऊ शकतं.

हिशेब असा: एकच साधा डाइव्ह केला असेल तर विमानाआधी किमान १२ तास, दोन किंवा रोज थोडे थोडे केले असतील तर १८. वर येताना त्या नेहमीच्या ३ मिनिटांखेरीज सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील तर १८ पुरत नाहीत, पूर्ण दिवस किंवा जास्तच सोडावा. तास मोजायचे ते शेवटच्या डाइव्हमधून डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हापासून, हॉटेलवर पोचल्यापासून नव्हे. शनिवारी दोन डाइव्ह करून दुपारी १ ला वर आलात, तर रविवारी सकाळी ७ नंतर विमान. रविवारी सकाळी डाइव्ह आणि रात्री ९ चं विमान, हा बेत कागदावर सुंदर दिसतो आणि बसत नाही. म्हणून सोमवारची मीटिंग असेल तर शुक्रवारी रात्रीच निघावं, शनिवार-रविवार पाण्यात काढावेत, आणि सोमवार-मंगळवार काम करता करता नायट्रोजन सोडावा. बहुतेक ऑफिसांना आधीचं तिकीट चालतं, हॉटेलच्या दोन रात्री मात्र आपल्या खिशातून.

‘मग बसने येतो’ म्हणणाऱ्यांची एक गंमत आहे. शरीराला विमान कळत नाही, उंची कळते, आणि ६०० मीटरच्या पुढे तीच काळजी लागू होते. आंबोली ६९० मीटरच्या आसपास, लोणावळा ६२०. मुंबईकर कोकण रेल्वेने किनाऱ्याकिनाऱ्याने घरी पोचतो. पुणेकराला कुठल्याही वाटेने घाट चुकत नाही. दुपारी मालवणला दोन डाइव्ह आणि संध्याकाळची पुण्याची बस, हे त्याने तरी टाळावं. बेंगळुरू तर स्वतःच ९०० मीटरवर.

किनारा कुठला, ते पावसाला विचारावं. जून ते सप्टेंबर मालवण, गोवा, कर्नाटकातलं नेत्राणी बेट, सगळं बंद. तेव्हा चेन्नईचं काम निघालं तर पुदुच्चेरी गाठता येतं. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा पाऊस, तेव्हा इकडे या. गोव्यात ग्रँड आयलंडच्या आसपास पाण्याखाली चार-पाच मीटरपर्यंतचं दिसलं तरी दिवस चांगला म्हणायचा. मालदीवच्या फोटोंशी तुलना करणाऱ्याने बोटीतच बसावं. दुबईला वारंवार जाणाऱ्यांना फुजैराचा किनारा गाडीने दीडेक तासावर आहे. खुद्द दुबईत ६० मीटर खोल तलावही आहे, गोड्या पाण्याचा. तास मात्र तिथेही मोजायचे, नायट्रोजनला मिठाशी देणंघेणं नाही.

बॅगेत काय न्यावं? मास्क स्वतःचा, कारण नाक-डोळ्यांचं माप भाड्याने मिळत नाही. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा. मास्क नवा असेल तर काचेच्या आतून टूथपेस्ट चोळून घ्यावी, नाहीतर सिलिकॉनच्या थरामुळे धूसर होत राहतो. डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावरचा, खोली आणि वेळ मोजणारा), डायव्हिंगचा कोर्स केल्याचं कार्ड, केलेल्या डाइव्हची नोंदवही म्हणजे लॉगबुक. बाकी सूट, फिन, तरंगायला हवा भरायचं जॅकेट, सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर तिथेच भाड्याने. ओला सूट शर्टांच्या शेजारी ठेवल्यावर काय वास येतो ते सांगायला नको. टॉर्चच्या सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत, दोरी कापायचा कटर चेक-इनमध्ये. वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर डाइव्ह सेंटरला फोनवरच तसं सांगा. सेंटर आधी उजळणी करवून घेतं, त्यात अर्धा दिवस जातो. मधल्या वारी बोट निघते का, हेही विचारावं.

कार्डच नसेल तर कोर्स तोडून करता येतो: थिअरी आणि तलावातला भाग आपल्या शहरात, समुद्रातले चार डाइव्ह दौऱ्यावर, दोन दिवसांत.

बेत बिघडतो तो बहुधा कानामुळे. प्रवासात सर्दी धरते आणि पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. नाक दाबून कान मोकळे करायचे ते दुखायच्या आधी, दर मीटरला. नाही झाले तर थोडं वर यायचं. तरीही नाही, तर बोटीवर. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं हा शहाणपणा नव्हे: खाली असताना तिचा असर संपला, तर हवा आत अडकते आणि वर येताना त्रास होतो. कान दुखावला, तर सोमवारी क्लायंट काय म्हणाला ते सहकाऱ्याला विचारावं लागतं.

बऱ्याच डाइव्ह कॉम्प्युटरांवर डाइव्हनंतर एक छोटंसं विमान उमटतं, म्हणजे अजून उडायचं नाही. सोमवारी शर्टाच्या बाहीखाली ते असतंच. पॉवरपॉइंट चालू असताना कधीतरी ते विझतं. सही झाली.