आमची वाटचाल : गिनीचा मूळ रंग

१९६३च्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी आली आणि वडिलांची भट्टी थंडावली. ते लोकांच्या वावरात कापूस वेचायला गेले, पण कसोटीचा दगड विकला नाही. पुढे तोच दगड, पितळी तराजू आणि एक भिंग घेऊन त्यांनी दर्यापूरकडे आमचं दुकान पुन्हा मांडलं.

मधली वर्षं बरी गेली. मला सांगायचं आहे ते गिन्यांच्या, म्हणजे इंग्रजांच्या सोन्याच्या नाण्यांच्या, भानगडीचं.

राणीछाप असो की राजाछाप, गिनीचं वजन ७.९८ ग्रॅम आणि सोनं २२ कॅरेट. ११ भाग सोन्यात १ भाग तांबं, म्हणून तिच्या पिवळ्यात लालसर झाक असते. आमच्याकडे जुन्या लोकांनी कापसाचा पैसा गिन्यांत घातला, त्या गिन्या याच रंगाच्या. जिल्ह्याच्या ठिकाणची एक मोठी पेढी मात्र त्या तापवून तेजाबात बुडवायची. वरचं तांबं निघून जातं, नाणं हळदीसारखं पिवळं दिसतं. त्यांनी गावोगावी सांगितलं की आमच्याकडच्या लाल गिन्या हिणकस आहेत. वर मशीनची चिठ्ठी दाखवली. टंच काढायचं, म्हणजे सोन्याची शुद्धता मोजायचं, मशीन नाण्याचा वरचा थरच वाचतं. २२ कॅरेट म्हणजे शंभरात ९१.६ भाग सोनं. त्यांच्या नाण्याचा आकडा ९१.६च्या वर, आमचा बरोबर ९१.६. लोकांनी आकडा पाहिला आणि आमची पायरी सोडली. दिवाळीला दुकानात तीन गिऱ्हाइकं आली. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

येवद्याच्या आजी तेवढ्या येत राहिल्या. एके दिवशी त्यांनी पोटली उघडली. आत सात गिन्या, एकाच घरातल्या. सहा लालसर, एक झगझगीत. सुनेनं ती त्या पेढीत उजळून आणली होती.
"बाप्पा, यातली खरी कोनती?"
"सातही खऱ्या, आजी. पण ही एक नासवली."
"दाखव मंग. तुह्या बापानं मले कवा फसवलं नाई."

त्या उजळलेल्या गिनीला आधीच कडी लावून झाळ (जोडाचा डाग) बसलेली होती, नाणं म्हणून ती आधीच बिघडलेली, म्हणूनच मी तिची कड दगडावर घासायला धजलो. पहिली रेघ पिवळी उमटली. कानशीचा एक हात मारला, पुन्हा घासली, आणि रेघ लालसर आली. शेजारी दुसऱ्या, कडीवाल्याच गिनीची रेघ ओढली. दोन्ही सारख्या! आजींनी दगड उचलला आणि बाजाराच्या दिवशी चार बायांना तो हातात घेऊन दाखवला. दुकान त्या दगडावर वाचलं.

रंग पाहिल्यावर झीज पाहावी. गिनीवरच्या घोडेस्वार संताचं शिरस्त्राण, घोड्याची छाती, राजाची भुवई, हे उंचवटे आधी झिजतात. तिथे रेषा सुट्या दिसल्या आणि सपाट भागावर मूळ झळाळी फिरवताना चाकासारखी फिरली, तर नाणं उत्तम. झिजलेलं नाणं घासून चमकवलं तर तिथे बारीक ओरखडे दिसतात, भिंगाखाली लपत नाहीत. १९१८ची गिनी हाती आली तर सालाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीच्या रेघेत बारीक इंग्रजी 'आय' (I) शोधा. ती मुंबईच्या टांकसाळीची. आणि रंग पिवळट दिसला म्हणून लगेच शंका घेऊ नका. सिडनीच्या टांकसाळीच्या सुरुवातीच्या गिन्यांत तांब्याऐवजी चांदी मिसळायचे.

मुलांनो, आजीच्या गिन्या चिंच, रिठा, टूथपेस्ट कशानेच घासू नका. कडी लावू नका. वावरात नांगरताना किंवा वाड्याच्या भिंतीत सापडल्या तर लपवू नका, कलेक्टरला कळवा. १८७८चा गुप्तधनाचा कायदा १० रुपयांच्या वरच्या ठेव्याला आजही लागतो.

त्या पेढीवाल्यांनी आजवर चूक कबूल केलेली नाही. लग्नात भेटतात, हात जोडतात, विषय काढत नाहीत. मीही जोडतो. आजी गेल्या, पण त्यांचा नातू दर लक्ष्मीपूजनाआधी पोटली घेऊन येतो. मी सहा गिन्या कडेने धरून भिंगाखाली पाहतो. सातवीवर अजून तांब्याची झाक आलेली नाही.