सकाळच्या वेळेचं मोल

27 ऑक्टोबर, कासुंगू जिल्हा, मलावी

आम्ही इथं एका चित्रपटाचं शूट करतोय, आवाजाची बाजू माझ्याकडे. ऑक्टोबरअखेर इथं दुपारी सूर्य खरोखरच डोक्यावर असतो. गाव विषुववृत्ताच्या दक्षिणेला 13 अंशांवर. झाडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा होतात आणि माणसांच्या डोळ्यांच्या जागी नुसता काळोख दिसतो. कॅमेरामन पांढरं कापड ताणून उजेड मऊ करू पाहतो, तर वाऱ्यानं त्याची फडफड माझ्या माईकमध्ये शिरते. म्हणून भर दुपारी शूट बंद. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि पाठोपाठ अंधार पडतो. वीज नाही, जनरेटर लावला तर संवाद गेले. हाताशी राहते ती बहुतेक सकाळच.

पण सकाळ ही गावाचीही कामाची वेळ. पावसाला थोडेच दिवस उरलेत, पुरुष-बायका उजाडताच मक्यासाठी सऱ्या ओढायला शेतात जातात. मागे राहिलेल्या बायका उखळात मका कांडतात. कोंडा निघाल्याशिवाय पांढरं पीठ होत नाही, आणि पिठाशिवाय न्सिमा, म्हणजे इथलं रोजचं मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं अन्न, शिजत नाही. दोघी-तिघी एकाच उखळात आळीपाळीनं मुसळ घालतात. तो ठोका बराच लांबून, अगदी कुजबुजत्या संवादाखालीही, माझ्या हेडफोनमध्ये स्पष्ट येतो.

मग प्रॉडक्शनचा माणूस जातो, ‘दहा मिनिटं थांबा’ म्हणतो. दहाची चाळीस होतात. बिस्किटांचे पुडे वाटले की झालं, असं युनिटमधल्या काहींना वाटतं. मला ते मुळीच मान्य नाही. याच जिल्ह्यानं 2002 चा दुष्काळ सोसला आहे. विंबे भागातल्या विल्यम कामक्वाम्बाची शाळा त्याच काळात फीअभावी सुटली आणि त्यानं भंगारातून पवनचक्की उभी केली. जगाला ती पवनचक्की ठाऊक आहे. इथली एक आजी मात्र मला कोंड्याबद्दल सांगत होती, त्या वर्षी लोकांनी तोही खाल्ला. अशा ठिकाणी मुसळ थांबवायला सांगणं म्हणजे घराची चूल उशिरा पेटवायला सांगणं. कॅमेऱ्यासमोर उभं राहणाऱ्याला जशी मजुरी देतो, तशीच ती या थांबण्याचीही द्यायला हवी.

काल गावप्रमुखांकडे हे बोललो. टाळ्या वाजवून नमस्कार झाला, बसायला चटई मिळाली. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, पैसे कुणाच्या हातात देणार? कांडणाऱ्या बायकांच्याच, असं ठरलं. मग गुले वाम्कुलू या इथल्या मुखवट्यांच्या पारंपरिक नाचाचा विषय निघाला. दिग्दर्शकाला मुखवटेवाले नर्तक हवेत. हा नाच 2008 पासून युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे, पण परवानगी गावातच मागावी लागते. नर्तक तयारी करतात ती जागा टिपायची नाही, मुखवट्याआड कोण आहे हे विचारायचं नाही. दिग्दर्शकानं दोन्ही अटी मानल्या, याचा मला फार आनंद झाला.

आता घाई पावसाची. पहिल्या सरींनंतर ही लाल, भाजलेली जमीन हिरवी होऊ लागेल आणि दुष्काळाच्या प्रसंगांची कंटिन्युइटी, म्हणजे एका दृश्याचा दुसऱ्याशी मेळ, तुटेल. तरीही वेळापत्रक बदललंय. उद्यापासून सकाळी बिनसंवादाची दृश्यं आणि साडेतीननंतर संवाद. मुसळांचा ठोका मी त्या बायकांना विचारून, मजुरी देऊन, वेगळा रेकॉर्ड करणार आहे. तो चित्रपटात राहावा म्हणून एडिटच्या वेळी भांडायचीही माझी तयारी आहे.