टँकवरची मुलं आणि चिवल्याचा समुद्र

दर नोव्हेंबरात आमच्या टँकवर एक कागद फिरतो. मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा असते, तिला कोण कोण येणार त्यांची नावं त्यावर लिहायची. मी नागपुरात बावीस वर्षं पोहायला शिकवते आहे आणि त्यातली नऊ वर्षं मुलांना घेऊन मालवणला जाते. गेल्या वर्षी त्या कागदावर एक नाव आधी लिहिलेलं आणि मग पेनाने गिरवून खोडलेलं दिसलं. बारा वर्षांचा मुलगा, सहा महिने रोज पहाटे साडेपाचला येणारा, थंडीत पाणी अंगाला चावत असतानाही कधी दांडी न मारणारा.

संध्याकाळी त्याची आई आली. जाळीच्या बाहेर उभी राहून हळूच म्हणाली, "मॅडम, तिकडं शार्कबिर्क नाही ना जी? यानं मोबाईलवर काहीतरी पाहिलं. रात्री झोपून नाही राहिला."

"नाही हो, काही नाही," असं म्हणून तिला पाठवता आलं असतं. पण मुलांशी पाण्याबद्दल खोटं बोलायचं नाही हे मी फार पूर्वी ठरवलं आहे. कोकणच्या समुद्रात शार्क आहेत. मालवणात त्यांना मोरी किंवा मुशी म्हणतात आणि बाजारात त्या रोज येतात. मग मी त्याला दुसऱ्या दिवशी सरावानंतर थांबायला सांगितलं. वडीलही आले. टँकच्या काठावर बसून आम्ही तासभर बोललो. त्या तासात जे बोलले ते आणि जे सुटलं ते इथे लिहिते आहे, कारण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या आपल्या गावात हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

आधी मी त्याला माझी गोष्ट सांगितली. अंदमानात हॅवलॉकला, आता त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, छातीभर पाण्यात मी पाण्याखाली बघायचा मुखवटा लावून प्रवाळ बघत तरंगत होते. समोरून एक शार्क आली. पंखाची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी, लांबी जेमतेम माझ्या हाताएवढी. ब्लॅकटिप रीफ शार्क. माझ्या छातीत धडधडलं हे खरं. मी हातपाय आवरले आणि तशीच पडून राहिले. ती माझ्याकडे तोंड करून येत होती, चारेक मीटरवर आली आणि एकदम वळली. शेपटीचा एकच झटका, की दिसेनाशी. ती मला घाबरली होती. तिच्या आकाराच्या मानाने मी म्हणजे एक प्रचंड, अनोळखी जनावर होते.

शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. माणसाला गंभीर इजा झाल्याच्या बहुतेक नोंदी त्यांतल्या तीनच जातींच्या नावावर आहेत: ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल. अमेरिकेत फ्लोरिडाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात 'इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल' नावाची नोंद ठेवली जाते. तिच्यात जगभरच्या चाव्यांची तपासून, वर्गवारी करून नोंद होते. २०२४ मध्ये माणसाने न छेडता शार्कने चावल्याच्या ४७ घटना तिच्यात आहेत आणि त्यांत चार मृत्यू. संपूर्ण जगात, संपूर्ण वर्षात. मुलाने बोटांवर मोजून पुन्हा विचारलं, "चारच?" चारच. २०२३ मध्ये दहा होते. वर्षागणिक आकडा खालीवर होतो, पण एवढ्यातच होतो.

त्याचे वडील गप्प ऐकत होते. ते म्हणाले, "पण मॅडम, पालघरला तर झालं ना जी. पेपरात आलं होतं."

झालं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत मनोरजवळ वैतरणेत मासे धरायला उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. आपल्याच राज्यात. हे मी त्या मुलापासून लपवलं असतं आणि त्याला मग कुणाच्या मोबाईलवर ते दिसलं असतं, तर त्याने माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नसता. त्यामुळे आम्ही त्याच घटनेवर सगळ्यात जास्त वेळ बोललो.

नदीत शार्क येतेच कशी? बहुतेक शार्कच्या अंगातले क्षार आणि युरिया मिळून आजूबाजूच्या समुद्राशी जुळलेले असतात, गोड्या पाण्यात त्या तग धरत नाहीत. बुल शार्क मात्र मूत्रपिंडाचं काम बदलून घेते, जास्तीचं पाणी बाहेर टाकते, क्षार राखून ठेवते आणि नदीत कितीतरी आतपर्यंत जाते. तिची पिल्लं खाडीच्या तोंडाशी, जिथे मोठे शिकारी कमी असतात, तिथे वाढतात. म्हणजे खाडी हे तिचं घर. तिथलं पाणी गढूळ, हाताला हात दिसत नाही. अशा पाण्यात तिला डोळ्यांचा उपयोग कमी. ती इतर इंद्रियांवर चालते.

ही इंद्रियं काय आहेत ते सांगताना तो मुलगा पहिल्यांदा पुढे सरकून बसला. शार्कच्या नाकाडावर बारीक छिद्रं असतात, त्यांत खळीसारखा चिकट पदार्थ भरलेला असतो. स्टेफानो लॉरेंझिनी या इटालियन माणसाने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं, पण ती कशाला आहेत हे कळायला विसावं शतक यावं लागलं. त्यांतून शार्कला वीज कळते. वाळूत गाडून पडलेल्या माशाचे स्नायू हलतात, हृदय चालतं, त्यातून जी अतिशय क्षीण वीज पाण्यात पसरते ती तिला जाणवते. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, पाण्यातली थरथर तिने कळते. जखमी मासा तडफडतो तेव्हा ती थरथर वेडीवाकडी होते. धडपडत, हातपाय आपटत पोहणारा माणूस तशीच थरथर करतो.

मी एवढं सांगितलं आणि तो स्वतःच म्हणाला, "म्हणून तुम्ही फडफड करू नका म्हणता?" मी ते वेग वाढावा म्हणून सांगत असते. पण हो, त्यासाठीही.

एकदा हे कळलं की काळजी काय घ्यायची ते पाठ करावं लागत नाही. पहाटे आणि दिवेलागणीला शार्क खायला निघते आणि तेव्हाच उजेड कमी असतो, म्हणून त्या वेळी समुद्रात पोहायचं नाही. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, आणि पावसानंतरच्या लाल पाण्यात तर मुळीच नाही. जिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत आहेत, जाळी झाडत आहेत, माशांची आतडी पाण्यात टाकत आहेत, तिथे लांब राहायचं. गळ्यातली साखळी, कडं, चमकणारं काहीही काढून ठेवायचं, कारण उन्हात ते माशाच्या खवल्यासारखं लकाकतं. एकट्याने जायचं नाही. शार्क असलेल्या भागातही ज्यांना चावे बसले त्यांत एकटे, किनाऱ्यापासून दूर असलेले लोक पुष्कळ आहेत. आणि समोर दिसलीच तर पाठ फिरवून झपाझप पळत सुटायचं नाही. तिच्याकडे तोंड ठेवायचं, शांतपणे मागे सरकायचं, तिला जायला वाट द्यायची. फोनवर फोटो काढायला मागे लागायचं नाही, शेपटीला हात लावायचा नाही. छेडल्यामुळे चावल्याच्या नोंदींचा त्या फाइलीत वेगळा रकाना आहे आणि तो रिकामा नसतो.

"आणि पकडलंच तर?" त्याने विचारलं. तर मार. डोळ्यांवर, कल्ल्यांवर, नाकाडावर, हातात जे असेल त्याने. मेल्यासारखं पडून राहण्याचा उपयोग नाही. बाहेर आल्यावर मात्र पहिलं काम रक्त थांबवणं. जखमेवर कापड ठेवून सगळ्या ताकदीने दाबायचं, हातापायातून भळाभळा वाहत असेल तर जखमेच्या वर घट्ट आवळून बांधायचं, माणसाला आडवं ठेवायचं. अशा जखमांत माणूस रक्त गेल्याने दगावतो आणि ती मिनिटांची गोष्ट असते. हे मी सगळ्याच मुलांना शिकवते. रस्त्यावरच्या अपघातातही हेच करायचं असतं, आणि त्याची गरज आपल्याला वर्धा रोडवर कधीही पडू शकते.

मग मी त्यांना ते सांगितलं ज्याची मला खरी भीती वाटते.

२००९ साली मी पहिल्यांदा कोकणात समुद्रात पोहले. टँकची राज्यस्तरावरची पोहणारी, अंगात रग. किनाऱ्यावर एक म्हातारे रापणकर जाळं विणत बसले होते. त्यांना मी विचारलं, इथे मोरी येते का? त्यांनी मान वर करून पाहिलं. "ती खंय येतली तुमका खाऊक? आमीच तिका खातो." आणि मग थोडं थांबून, "ओहोटी लागली हा. पाण्याक ओढ आसा." मी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं.

दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधला पट्टा शांत होता. मला वाटलं, वा, इथे बरं आहे. तीच ओढ होती. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूतल्या खोलगट जागेतून एका अरुंद पट्ट्याने आत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तो नवख्याला सुरक्षित दिसतो. मी वळले तेव्हा किनारा मी सोडला होता त्यापेक्षा खूप लांब होता. मी सरळ किनाऱ्याकडे जोर लावला. मोजून शंभर हात मारले आणि झावळ्यांची तीच झोपडी तिथेच. माझे खांदे कधी दुखत नाहीत, त्या दिवशी ते दगड झाले. नाकातोंडात पाणी गेलं. मरणाचा विचार मला तिथे आला, हॅवलॉकला शार्कसमोर तो आला नव्हता.

त्याच रापणकरांनी काठावरून दोन्ही हात आडवे हलवले. किनाऱ्याकडे नको, बाजूला. मी आडवी पोहत निघाले, तीसेक मीटरवर पाण्याने मला सोडलं आणि लाटांनीच बाहेर आणलं. काठावर आल्यावर मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी मला माडाच्या सावलीत बसवलं आणि शहाळं फोडून दिलं.

हिशोब साधा आहे. टँकवरचा माझा चांगला मुलगा शंभर मीटर दीड मिनिटात पोहतो, म्हणजे सेकंदाला मीटरभर. जोराची ओढ सेकंदाला दोन मीटरच्या वर जाते. तिच्याशी सरळ कुणीच जिंकत नाही. पण ती माणसाला खाली ओढत नाही, फक्त आत नेते, आणि तिचा पट्टा अरुंद असतो. तरंगत राहायचं, एक हात वर करून मदत मागायची, किनाऱ्याला समांतर पोहायचं.

जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसं बुडून मरतात. आपल्या देशात तीस हजारांहून जास्त. मुरूडला २०१६ च्या फेब्रुवारीत सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी एका दुपारी गेले, तेव्हा तीन दिवस मला टँकवर शिट्टी वाजवता आली नाही. शार्कचं चलचित्र मोबाईलवर दर आठवड्याला येतं. ओहोटीची वेळ कुणी पाठवत नाही.

तेव्हापासून मालवणच्या कागदावर नाव टिकायला माझी एक अट आहे. खोल बाजूला, काठ न धरता, वीस मिनिटं पाठीवर तरंगून दाखवायचं. वेग कितीही असो. त्या मुलाला पहिल्या दिवशी सहा मिनिटं जमलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो बावीस मिनिटं तरंगला आणि त्याने स्वतःच कागद मागून खोडलेल्या नावाच्या खाली पुन्हा नाव लिहिलं.

दुपारी मडगाव गाडीत बसलो, दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरलो. स्पर्धेच्या आधीच्या सकाळी मी मुलांना मालवणच्या मासळी बाजारात नेते, समुद्रात काय आहे ते त्यांनी आधी बघावं म्हणून. एका कोळणीच्या पाटीत पंधरा-वीस मोऱ्या होत्या, राखाडी, हातभर लांब. आमची बाकीची मुलं बोंबील बघत पुढे गेली. तो थांबला. कोळणीने मान हलवून परवानगी दिल्यावर त्याने एका मोरीच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवलं. गुळगुळीत. मग उलटं फिरवलं आणि हात मागे घेतला. पॉलिश पेपरसारखं खरखरीत. शार्कची कातडी बारीक दातांसारख्या खवल्यांची असते, सगळ्यांची टोकं शेपटीकडे.

"मॅडम, ही पिल्लं आहेत का जी?"

काही जाती मोठ्या झाल्यावरही एवढ्याच राहतात, काही खरंच पिल्लं असतात, मला बघून सांगता येत नाही, असं मी म्हटलं. आणि हेही सांगितलं की खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाखटांची (शार्कच्याच नात्यातले चपटे मासे) संख्या १९७० ते २०१८ मध्ये ७१ टक्क्यांनी घटली, कारण त्या उशिरा वयात येतात आणि थोडीच पिल्लं देतात. आपण त्याहून भरभर धरतो. व्हेल शार्कला २००१ पासून आपल्याकडे कायद्याचं संरक्षण आहे, जाळ्यात आली तर मच्छीमार जाळं कापून तिला सोडतात. बाजारात येणाऱ्या बहुतेक मोऱ्यांसाठी तसं काही नाही.

तो काही बोलला नाही. कोळणीला विचारून त्याने आणखी एकदा हात लावला, या वेळी पूर्ण तळवा, डोक्याकडून शेपटीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर त्याची एक किलोमीटरची शर्यत सुटली. निघण्याआधी तो माझ्याकडे आला, गळ्यातला चांदीचा ताईत काढून माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "मॅडम, आता भरती आहे की ओहोटी?"