विश्वकर्म्याच्या मागचा कागद

गणपती चार दिवसांवर आले की बेळगावात सुताराला फोन करू नये, तो उचलत नाही. त्या शनिवारी सकाळी सातला मात्र सुताराचाच फोन मला, म्हणजे मशीनची पॅनल बांधणाऱ्याला, आला.

"उठलासा काय? मशीन मेलंय ओ माझं."

वडगावात त्यांचं वर्कशॉप आहे. भिंतीपलीकडे यंत्रमागांची खटखट, अलीकडे यांचा लाकूड कोरणारा राऊटर. मूळ धंदा दारं आणि देव्हाऱ्यांचा. दोन वर्षांपूर्वी हा सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारा, राऊटर बसवला आणि तेव्हापासून श्रावण-भाद्रपदात प्लायच्या मखरांशिवाय दुसरं काम हातात घेत नाहीत. मशीन घरचंच म्हणायचं. फ्रेम उद्यमबागेत वेल्डिंग करून घेतलेली, बॉलस्क्रू आणि मोटरी ऑनलाइन मागवलेल्या. मशीनचं डोकं म्हणजे आर्डुइनो ऊनो नावाचा एक बारका कंट्रोलर बोर्ड आणि त्यावर टोपीसारखी बसवलेली शील्ड, म्हणजे तारा जोडायचा दुसरा बोर्ड. हे सगळं जुळवलं होतं बैलहोंगलकडच्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं. तो आता बेंगळुरूला नोकरीला.

आदल्या संध्याकाळी लाईट दोनदा गेली आणि आली, त्यात बोर्ड गेला. मालकांनी शहाणपणा करून मला फोन करायच्या आधीच गावातून नवा ऊनो आणि नवी शील्ड आणून ठेवली होती. "नुसतं बसवून जावा," म्हणाले. या 'नुसतं'नं माझे आजवर किती रविवार खाल्लेत, ते घरी विचारा.

या बोर्डात जे सॉफ्टवेअर चालतं त्याचं नाव ग्रबल. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये ते सुरू केलं आणि पुढं दुसऱ्यांनी सांभाळून वाढवलं. फुकट आहे, कोड सगळ्यांना उघडा आहे आणि ऊनोच्या ३२ केबी मेमरीत मावतं. एवढ्याशा जागेत तीन मोटरी एकमेकींशी ताल धरून चालवायच्या हे सोपं काम नाही. त्या माणसांना माझा नमस्कार आहे, आणि पुढं जे सांगणार आहे त्यानं तो कमी होत नाही.

नव्या ऊनोत ग्रबल १.१ चढवायला पाच मिनिटं लागली. अडचण पुढं होती. मशीनच्या सगळ्या सेटिंग, म्हणजे मिलिमीटरला मोटरच्या किती स्टेप (पावलं), वेग किती, प्रवास किती, या ग्रबल चिपमधल्या एक केबीच्या कोपऱ्यात ठेवतं. चिप गेली की त्याही गेल्या. मालकांना विचारलं, कुठं उतरवून ठेवलंय काय? ते म्हणाले, "त्या पोराच्या डोक्यात हाय सगळं." ते डोकं पाचशे किलोमीटरवर.

हरकत नाही, हे काम मला आवडतं. कोऱ्या ग्रबलमध्ये मिलिमीटरला २५० स्टेप असतात. एक्स अक्षाला १०० मिमी जा म्हटलं आणि स्टीलची पट्टी लावली, गेलं ७८ च्या किंचित पुढं. २५० गुणिले १०० भागिले ७८, म्हणजे ३२० च्या आसपास. मग मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरवरचा लाकडाचा भुसा फुंकून बारकी बटणं बघितली. एका फेऱ्याला २०० पावलं, प्रत्येक पावलाचे आठ तुकडे, स्क्रूची चाल ५ मिमी. १६०० भागिले ५, बरोबर ३२०. पट्टी आणि हिशोब जुळला की जे बरं वाटतं ते कुठल्या मॅन्युअलनं वाटत नाही. वाय, झेड तसेच लावले. दहा वाजायच्या आत घरी जातोय असं बायकोला कळवूनही टाकलं.

मग लिमिट स्विचच्या, म्हणजे अक्ष टोकाला पोचला हे कळवणाऱ्या स्विचच्या, तारा जोडल्या. शील्डवर जागा छापलेल्या असतात. एक्स, वाय, झेड, अधिक-उणे, सगळं पांढऱ्या शाईत स्वच्छ. जिथं झेड छापलं होतं तिथं झेडची तार खोचली आणि होमिंगची कमांड दिली.

होमिंग म्हणजे मशीननं आपली सुरुवातीची जागा शोधणं. त्यात झेड आधी वर जातो. स्विचला टेकला की थांबतो, थोडा मागं येतो, मग एक्स-वाय निघतात. आमचा झेड वर निघाला, स्विच दाबला गेल्याची टिक ऐकू आली, आणि तो तसाच वर गेला. मी प्रवास १२० मिमी दिला होता. स्विच शोधताना ग्रबल त्याच्या दीडपट, म्हणजे १८० मिमी जायला तयार असतं. वर जागा होती चाळीस मिमी. कापायचं हत्यार फिरवणाऱ्या स्पिंडलची प्लेट वरच्या लोखंडाला भिडली आणि मोटर कडकडकड करत जागच्या जागी दात खाऊ लागली. मी प्लग उपटला. यंत्रमागांचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त हातातली बिडी विझवली.

मोटर बॉलस्क्रूला जोडणाऱ्या कपलिंगचा स्क्रू घसरून शाफ्टवर ओरखडा पडला होता. बाकी वाचलं.

मल्टिमीटर लावला. स्विच दाबला की बीप, सोडला की गप्प. स्विच ठीक. तार हलवून बघितली, ठीक. तीच तार एक्सच्या जागी खोचली तर मशीन मुकाट ओळखतंय. म्हणजे शील्डच्या झेडच्या जागेतच खोट, असं ठरवून पावसात गाडी काढली आणि गावातून दुसरी शील्ड आणली. तिच्यावरही तेच. झेडची तार झेडच्या जागी, मशीन आंधळं. दोन बोर्ड सारखेच खराब निघाले हे मानायला मी तयार होतो, पण आपलंच काही चुकत असेल हे मनात येईना. कारण दहा-बारा वर्षांपूर्वी ग्रबल ०.८ वर दोन मशीनं मी याच छापील खुणा बघून जोडली होती, आणि ती बिनतक्रार चालली होती. त्यानंतर माझी बहुतेक कामं तयार कंट्रोलरवर झाली, ग्रबलशी संबंध फारसा उरला नव्हता.

एव्हाना एका मंडळाची दोन पोरं दारात येऊन उभी. "मामा, कमान आज मिळणार काय?" मालक मला हळूच म्हणाले, "काय तर करा ओ. ही पोरं सकाळपास्नं डोकं खाऊलेत."

शेवटी बेंगळुरूला फोन लावला. सकाळपासून त्या पोराला मनातल्या मनात काय काय म्हणून झालं होतं. मशीन बांधायचं, पैसे घ्यायचे, एक ओळ लिहून ठेवायची नाही, आणि जायचं. त्यानं उचलला. आमचं बोलणं अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. झेडच्या स्विचचं काय केलं होतंस, ते त्याला आठवेना. मग एकदम म्हणाला, "सर, मी लिहून लावलाय की. पॅनलच्या दाराला, आतून."

पॅनलचं दार उघडलं. आतून विश्वकर्मा. कॅलेंडरमधला, चार हातांचा, हातात गज आणि पोथी, कपाळावर खंडेनवमीचं वाळलेलं कुंकू. दाराच्या मापाला बरोबर बसेल असा, चारी कडांनी फेव्हिकॉल लावून चिकटवलेला. बाजूनं बघितलं तर वरच्या कोपऱ्यात पिवळ्या कागदाची एक कड बाहेर डोकावत होती.

मालक म्हणाले, "देवाला हात लावायचा न्हाई." मी काही बोललो नाही. दारातली पोरंही नाही. दोन मिनिटं तशीच गेली. मग त्यांनी स्वतःच हात धुतले, फोटोला हात जोडले, ओलं फडकं कडेनं दाबून धरलं आणि सगळ्यात पातळ पटाशी आणली. त्या माणसाचा हात बघण्यासारखा आहे. पटाशी जवळजवळ आडवी धरून, पातळ साल काढावी तसा फोटो कडेपासून आत आत सोडवत नेला. देवाला ओरखडा नाही. खालचा कागद मात्र निम्मा फोटोसोबत निघून आला.

कागद वहीचा, बॉलपेनचं अक्षर, भाषा कानडी. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. माझ्या वयाच्या बऱ्याच बेळगावकरांचं असंच आहे. भाजी मंडईत बिनघोर बोलतो आणि बसची पाटी दुसऱ्याला विचारतो. सौंदत्तीकडचा हेल्पर पोरगा पुढं आला, कागद उजेडाला धरला. "इल्ली एनो बरदार री," म्हणाला आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लागला. स्टेप ३२०. ड्रायव्हरची बटणं कुठली वर, कुठली खाली. स्पिंडलचा वेग. पुढची ओळ फाटलेली. तिचा उरलेला तुकडा विश्वकर्म्याच्या पाठीला. दोन्ही जुळवून त्यानं वाचलं: "झेड स्विच, बोर्डवर छापलंय तिथं जोडू नका. १२ वर."

सकाळपासूनच्या माझ्या सगळ्या कष्टांचं उत्तर त्या अडीच ओळींत होतं.

लॅपटॉपवर ग्रबलचा कोड उघडला. पिनांचा नकाशा असलेल्या फाईलमध्ये, झेड लिमिटच्या वरच, इंग्रजीत एका ओळीची टीप आहे: अकरा नंबरच्या पिनवर हार्डवेअर पीडब्ल्यूएम मिळावा म्हणून झेड लिमिट आणि स्पिंडलची पिन अदलाबदल केल्या आहेत. मामला असा. स्पिंडलचा वेग कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएम, म्हणजे झपझप चालू-बंद होणारा सिग्नल, लागतो. ऊनोच्या ११ नंबरच्या पिनला तो आहे, १२ ला नाही. ०.८ मध्ये ११ वर झेडचा स्विच होता आणि १२ वर स्पिंडल. ०.९ पासून ते उलटं झालं. शील्डचं डिझाईन मात्र आधीच्या काळातलं, तेव्हाची छपाई तेव्हा खरी होती. मग त्या शील्डच्या कॉप्या निघाल्या, कॉपीच्या कॉप्या निघाल्या, आणि प्रत्येकानं तांब्याच्या रेषांबरोबर ती जुनी छपाईही इमानेइतबारे उतरवली. सोबतचा कागद कुणी उतरवला नाही. ओपन सोर्स, म्हणजे डिझाईन सगळ्यांना उघडं असलेल्या, हार्डवेअरची जी व्याख्या सगळे मानतात तिचं पहिलंच कलम आहे की हार्डवेअरसोबत डॉक्युमेंटेशन, म्हणजे माहितीचे कागद, द्यायचं. गावातल्या दुकानात मला बोर्ड मिळाला तो पारदर्शक पिशवीत. आत बोर्ड आणि हवा.

झेडची तार काढून शील्डवर जिथं 'स्पिंडल एनेबल' छापलंय तिथं लावली. या खेपेला होमिंगची घाई केली नाही. ग्रबलला प्रश्नचिन्ह पाठवलं की ते आपली अवस्था सांगतं, आणि एखादा स्विच दाबलेला असेल तर त्याचं अक्षरही. हेल्परला स्विच बोटानं दाबायला सांगितलं, प्रश्नचिन्ह पाठवलं. झेड. सोड म्हटलं. झेड गेला. पुन्हा दाब. आला. हे मी सकाळी पहिल्यांदाच करायला हवं होतं, दहा सेकंदांचं काम. आणि एक गोष्ट नशिबानं वाचली. सकाळी झेडचा स्विच अकरावर होता, आणि अकरा आता आउटपुट पिन. त्यात मी स्पिंडल सुरू करायची कमांड दिली असती आणि स्विच दाबला गेला असता, तर आउटपुट थेट ग्राउंडला भिडून, म्हणजे शॉर्ट होऊन, पिन जळाली असती. मग मी तिसरी शील्ड आणायला गेलो असतो.

होमिंग दिलं. झेड वर गेला, टिक, थांबला, जरा मागं आला. पुन्हा सावकाश टेकला. मग एक्स-वाय निघाले. मालकांनी विझवलेली बिडी परत पेटवली.

कोड ठेवायच्या गिटहब या साइटनं २०१७ मध्ये ओपन सोर्समध्ये काम करणाऱ्यांना विचारून एक पाहणी केली होती. अपुऱ्या किंवा जुन्या झालेल्या डॉक्युमेंटेशनचा त्रास ९३ टक्क्यांनी बघितलेला, आणि त्यातच कोडला हातभार लावणारे ६० टक्के लोक डॉक्युमेंटेशनला क्वचित किंवा कधीच हात लावत नाहीत. कमान कापली जात असताना स्टुलावर बसून मी हाच हिशोब करत होतो. उद्यमबागेपासून मच्छ्यापर्यंत मी बांधलेली पॅनल किती असतील? चाळीस तरी. त्यात ड्रॉइंग ठेवलेली? तीन, आणि तीसुद्धा गिऱ्हाईक कंपनीनं त्याशिवाय बिल पास केलं नसतं म्हणून. बाकीच्यांत निळी तार कशाची, हे मी मेलो तर कुणाला कळणार नाही. मी जिवंत असूनही दोन ठिकाणी मलाच कळलेलं नाही. ज्याला सकाळपासून शिव्या घातल्या त्या पोरानं एका मशीनला एक कागद लावला होता. म्हणजे शंभर टक्के.

त्याला संध्याकाळी फोन करून सांगितलं. तो हसला. "सर, मीपण तिथंच अडकलो होतो, दोन दिवस. म्हणून लिहिलं."

साडेसात वाजता मंडळाची पोरं कमान टेंपोत घालून घेऊन गेली. मालकांना म्हटलं, नवा कागद लिहून लावतो. पण दाराच्या आत ती जागा देवाची, तिथं दुसरं काही चालणार नाही, यावर ते ठाम. मग विश्वकर्मा जुन्या जागी, ताज्या फेव्हिकॉलनं. कागद पॅनलच्या बाहेर, उजव्या अंगाला, वरून प्लास्टिक. वर हेल्परनं कानडीत लिहिलं, खाली मी मराठीत, आणि आकडे दोघांना कळतील असे. ग्रबलचा आवृत्ती क्रमांक पहिल्या ओळीत घातला. सगळ्या सेटिंग मालकांच्या मुलाच्या फोनवरही पाठवल्या.

बिल करताना कपलिंगचे आणि दुसऱ्या शील्डचे पैसे मी लावले नाहीत, ती माझी चूक. मालकांनी आकडा बघितला, मग कागदाकडं बघितलं.

"आणि हे लिहायचे वेगळे काय?"

"त्यातच धरा," म्हटलं.

"मग त्या पोराला मी तेव्हा काहीच दिलं न्हाई की ओ त्याचं," म्हणाले, आणि चष्मा लावून कागद वाचायला लागले.